शांताताईंची दोन वाडगी

देवाची भांडी चिंचेनं घासायला बसले होते. ताम्हण झालं, पळी-पंचपात्र झालं, समई आणि निरांजनं राहिली होती, तेवढ्यात खासगी बाजारातल्या आमच्या दारापुढे टांगा थांबला आणि शांताताई उतरल्या. आश्विन वद्य पंचमी, सन छप्पन्न. दिवाळी आठवड्यावर आलेली.

समोरच्या ओट्यावरून मंदाताईंनी आवाज दिला, "दफेदारीणबाई आल्या वाटतं, गल्लीला लोकरीचा वास सुटला."

"थंडीत घोंगडी मागायला याल न मंदाताई, तेव्हा हाच वास बरा वाटेल," असं म्हणत शांताताई आत आल्या. चपला काढल्या, देवापुढे डोकं टेकलं आणि मला म्हणाल्या, "इंदुताई, हात धुऊ नका, घासत राहा. वही मी आणते. उद्या सकाळी साहेब येतोय. शेवटची तपासणी."

शेवटची तपासणी म्हणजे काय ते मला माहीत होतं, पण वाचणाऱ्याला ते कळायचं तर आधी शांताताईंबद्दल सांगितलं पाहिजे.

त्यांचे यजमान संभाजीराव संस्थानच्या रिसाल्यात दफेदार. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, पुढे फौजही मोडली, आणि घोडे सरकारजमा झाले. घोडे गेले त्या दिवशी संभाजीराव घरी आले, त्यांनी आपलं खोगीर बैठकीत एका घडवंचीवर ठेवलं आणि दर शनिवारी त्याला तेल लावायला सुरुवात केली. दोन वर्षं तेच. घोडा नाही, पण खोगीर चकाकतंय. मुरारच्या पुढे नाल्याकाठी त्यांची सात बिघे जमीन होती. निम्मी खडकाळ. तिचं काय करायचं हे त्यांना सुचत नव्हतं.

सुचलं ते शांताताईंना. पशुखात्यानं बिकानेरी मेंढ्या वाटायला काढल्या होत्या. तांबूस तोंडाच्या, मऊ लोकरीच्या, शुद्ध जातीच्या. पाच मेंढ्या आणि एक मेंढा मिळायचा. त्या आपल्या गावठी मेंढ्यांपासून वेगळ्या ठेवायच्या, दर साली एक शुद्ध नर कोकरू सरकारला परत द्यायचं, बाकीची वाढ आपली. तोच मेंढा गावठी मेंढ्यांवर सोडला तर होणारी मिश्र कोकरंही आपली. मुदत संपताना नोंदी स्वच्छ असतील तर पाचही मेंढ्या कायमच्या नावावर. नोंदीत संशय निघाला तर परत. आमच्या लष्कर शहरातल्या एकाही मराठा घरानं अर्ज केला नाही. शांताताईंनी अंगठा उठवला. त्यांच्या नणंदेनं तेव्हा धारहून निरोप पाठवला होता की आमच्या घरात तलवारी टांगलेल्या असतात, तुमच्या घरात आता लोकर टांगा. शांताताईंनी खरंच टांगली. पहिल्या कात्रणीची एक पेंडी बैठकीत खुंटीला अजून आहे.

संभाजीराव पहिल्या हिवाळ्यात मेंढ्या कोंडायच्या वाडग्याकडे फिरकले नाहीत. मग पौषातल्या एका सकाळी एक कोकरू गारठून पडलं. शांताताईंनी कोणाला न विचारता घोड्याची झूल काढली, कोकरू तीत गुंडाळलं आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं. "धरा, मी दूध गरम करून आणते." त्या दूध गरम करायला गेल्या त्या तासाभरानं आल्या. मुद्दामच. तोवर दफेदारसाहेब कोकराचे पाय चोळत होते. दुसऱ्या दिवसापासून खुरं तपासायचं काम त्यांचं झालं.

वाडगी दोन. नाल्याकडचं शुद्ध, रस्त्याकडचं मिश्र. मिश्र कोकराच्या उजव्या कानाला जन्मताच कात्रीनं एक खाप. शुद्धाचा कान कोरा, त्याच्या डाव्या कानात साहेब येऊन पितळी बिल्ला घालणार. शांताताईंना लिहिता येत नव्हतं, आणि मी रोजची वही लिहिते हे त्यांना ठाऊक. तेव्हा दर एकादशीला दत्तमंदिरातून परत जाताना त्या माझ्याकडे यायच्या आणि सांगायच्या. माझ्या वहीत वर श्री, मग तिथी, वार, नैवेद्य काय केला, कोण आलं गेलं, आणि त्याखाली शांताताईंच्या मेंढ्या. पुरणाच्या खाली 'कपाळावर चांदवा असलेली फळली' असं लिहिलेलं पानोपानी सापडेल.

हिशेब त्यांचा साधा. मेंढी पाच चांद्र महिने पोट बाळगते. ज्या तिथीला मेंढा लागला, पाचव्या महिन्यात त्याच तिथीला कोकरू, दोन-चार दिवस इकडेतिकडे. बोटाच्या पेरांवर अंगठा फिरवायचा आणि महिना सांगायचा. तीन सालं त्यांचा अंगठा चुकला नव्हता.

आता मध्यभारतच संपत आलं होतं. एक तारखेपासून मध्यप्रदेश, राजधानी भोपाळ. आमच्या गल्लीत घराघरांत भोपाळच्या बदलीच्या गोष्टी, दफ्तरं पोत्यांत भरली जात होती. पशुखात्याचं दफ्तरही जाणार. जायच्या आत सगळ्या मेंढ्यांचा निकाल लावून मोकळं व्हायचं, असा हुकूम आला होता. वर्षाची मुदतवाढ वगैरे काही नाही. उद्या शुद्ध नर दाखवायचा, नोंद वाचून दाखवायची. पाच मेंढ्या एक तर शांताताईंच्या, नाही तर ट्रकमध्ये.

त्या अगदी निश्चिंत होत्या. "सरदारला पाहिलंत तर तुम्ही भांडी टाकून याल," म्हणाल्या. सरदार म्हणजे श्रावण वद्य तृतीयेला जन्मलेला नर. दोन महिन्यांचा, पण छाती अशी की चार महिन्यांचा वाटावा. साहेबाला तोच द्यायचा होता. त्या पावसाळ्यात शुद्ध वाडग्यात पाच कोकरं झाली. दोन माद्या गणपतीच्या दोन दिवस आधी, त्यांच्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. सरदार श्रावणातला. आणि पितृपक्षात एक नर, एक मादी. या शेवटच्या दोघांचे कान शांताताईंनी स्वतः कापले होते, कारण वहीत तसं निघत होतं.

मी चिंचेचे हात पुसले आणि ते पान काढून वाचलं: "चैत्र वद्य द्वितीया. कुंपण मोडलेलं. गेंदाबाईचा मेंढा कालू शुद्ध वाडग्यात शिरला. सकाळी काढला."

गेंदाबाई म्हणजे त्यांच्याकडे मेंढ्या राखणारी, जवळच्या गावची. तिची स्वतःची सहा गावठी मेंढरं आणि कालू तिथेच असायचे. त्या वेळी शांताताई लेकीच्या बाळंतपणाला धारला गेलेल्या, संभाजीराव त्यांना पोचवायला. वैशाखात परतल्यावर त्या गेंदाबाईला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या, आणि मागच्या दोन महिन्यांचं तिच्या तोंडून मी उतरवून घेतलं होतं.

"बरोबर," शांताताई म्हणाल्या. "चैत्र वद्य दूज म्हणजे भाद्रपद वद्य दूजेच्या आसपासची संशयाची. ती दोन निघाली, कान कापले, मिश्रात टाकली. त्यातल्या नराला परवा खच्ची करायला माणूस येतोय. आणि साहेबानं विचारलं की गेंदाबाई रात्री वाडगं सोडून गेली कुठे, तर सांगायचं की भावाकडे गेली होती बिचारी, दूजेचा टिळा लावायला. वर्षातून दोनदा तर जाते."

मी उचललेलं निरांजन परत खाली ठेवलं. विचारलं, "दूजेचा टिळा? तो तर होळीनंतर असतो न?"

"होळीनंतरच. होळीला पोरांनी आपल्या कुंपणाचे बाभळीच्या काटेरी फांद्या ओढून नेल्या, म्हणून तर कालू आत गेला."

आपल्याकडे भाऊबीज एकच, दिवाळीतली. इथल्या लोकांची होळीनंतर दोन दिवसांनी आणखी एक असते, त्यांच्या चैत वद्य दूजेला. आणि त्यांचा चैत तेव्हा लागलेला असतो, आपला नाही. आपला महिना अमावास्येनंतर बदलतो, त्यांचा पौर्णिमेनंतर. वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्यापुढे एक पाऊल. गोकुळाष्टमी आपली श्रावणात, त्यांची भादोंमध्ये, आणि दिवस मात्र एकच. जन्म गेला माझा या लष्कर शहरात, हे काय मला नवीन होतं? गेंदाबाईच्या तोंडची वद्य तिथी लिहिताना मी न चुकता महिना एक मागे घेत असे. त्या दिवशी घेतला नाही. ती चैत बोलली, मी चैत्र लिहिलं. वर श्री लिहिलेल्या पानावर.

मी शांताताईंना तसंच सांगितलं. आडपडदा ठेवला नाही.

त्यांनी अंगठा पहिल्या पेरावर ठेवला. "म्हणजे फाल्गुन वद्य दूज. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण." अंगठा पाचव्या पेरावर थांबला. "सरदार."

मी म्हटलं, चूक माझी आहे, उद्या मी स्वतः येऊन साहेबांना सांगते.

"याच," त्या म्हणाल्या. "पण चूक तुमची एकटीची नाही इंदुताई. सरदारच्या मांडीवर हात फिरवला न की मागच्या बाजूला केस खरखरीत लागायचे. कालूसारखे. माझी बोटं मला दोन महिने सांगत होती. मी म्हटलं, वहीत शुद्ध आहे, तर बोटंच चुकत असतील." मग उठल्या, पदर सारखा केला. "पहिल्यांदा त्या खच्ची करणाऱ्याला नको म्हणून कळवते."

दुसऱ्या दिवशी पूजा उरकून, वही पदराखाली घेऊन मी टांग्यानं गेले. संभाजीराव वाडग्याशीच उभे होते. त्यांना रात्रीच सगळं कळलेलं. मला पाहून नमस्कार केला आणि हळूच म्हणाले, "वहिनीसाहेब, वही तुमची, शाई तुमची. सरदारचा कान कोरा आहे. कोण बघायला जातंय चैत आपला की त्यांचा?"

शांताताई आतून घमेलं घेऊन येत होत्या. त्यांनी ऐकलं. घमेलं खाली ठेवलं.

"भोपाळवाले सरदारला शंभर मेंढ्यांत सोडतील," त्या म्हणाल्या, "शुद्ध म्हणून. पुढच्या साली शंभर कोकरांच्या मांडीवर कालूचे केस."

"आणि सांगितलंस तर पाचही जातील ट्रकमध्ये."

"जातील तर जातील. घोडे न्यायला आले होते तेव्हा सब्ज्याचा पाय आतून दुखावलाय हे त्या लोकांना कोणी सांगितलं होतं? त्यांना तर दिसलाही नव्हता."

संभाजीरावांनी स्वतः सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नाल्याकडे, आणि पितृपक्षातलं ते नर कोकरू मिश्र वाडग्यातून आणायला निघून गेले.

गेंदाबाई मात्र खांबाआड उभी राहून मला ऐकवत होती. "हम तो चैत ही बोले थे बाई. तुमने कौन-सा चैत लिख लिया, हमें का मालूम." तिचं खरं होतं. शांताताईंनी तिला एवढंच म्हटलं की तू चैत बरोबर बोललीस, पण कालू आत गेल्याचं दोन महिने पोटात ठेवलंस, त्याचं काय? ती चारा टाकायला लागली.

साहेब जीपमधून आले. डॉक्टर बळवंतराव, आपलेच, चष्मेवाले, हातात जाड रजिस्टर. मराठा घरची रीत म्हणून शांताताई दाराच्या पडद्यामागे बसल्या आणि मी पुढे. बळवंतरावांची नजर आल्या आल्या सरदारवर गेली. त्यांनी त्याची छाती मापली, दात पाहिले, खिशातून पितळी बिल्ला काढला आणि म्हणाले की अशी शुद्ध कोकरं चार घरांत झाली तर मध्यप्रदेशला दुसरं काही करायला नको. सगळं एवढ्यात आटोपलं असतं. पडद्याआडून मला शांताताईंच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू आल्या.

मी वही उघडली आणि सांगितलं. होळी, कुंपण, दूजेचा टिळा, त्यांचा चैत, आपला फाल्गुन. सरदार मिश्र असायचा संभव, आणि ज्याचा कान कापलाय तो शुद्ध.

बळवंतरावांनी बिल्ला मुठीत धरून ठेवला. महिन्यांचा फरक त्यांना समजावून सांगावा लागला नाही. त्यांच्या घरी वडिलांच्या श्राद्धाला भटजी स्थानिक आणि पंचांग पुण्याचं, दर वर्षी तोच घोळ. पण त्यांचा सूर बदलला. म्हणाले, बाई, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण ही वही नैवेद्याची आहे. आज तुम्ही महिना मागे नेताय, उद्या आणखी कोणी पुढे नेईल. खात्यात कापलेला कान म्हणजे मिश्र. नोंद आणि कान यांचा मेळ बसत नसेल तर मला एकच शेरा लिहिता येतो, आणि तो लिहिला की मेंढ्या आजच चढवाव्या लागतील. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि पेनचं टोपण काढलं.

पडदा बाजूला झाला. शांताताई बाहेर आल्या, पदर कपाळाखाली ओढलेला. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. सरदारला दोन्ही हातांनी उचलून आडवा केला, मागच्या मांडीवरची लोकर दोन अंगठ्यांनी भांग पाडल्यासारखी उघडली.

"साहेब, इथे बोट ठेवा."

बळवंतराव वाकले. बोट फिरवलं.

संभाजीरावांनी कापल्या कानाचं कोकरू पुढे धरलं. महिन्याभराचं, सरदारच्या निम्मंही नाही, पाय लटपटत होते. शांताताईंनी त्याचीही मांडी तशीच उघडली.

"आता इथे ठेवा. डोळे मिटून ठेवा."

त्यांनी खरंच डोळे मिटले. एकदा या कोकरावर, एकदा त्या, मग परत या. असं तीनदा केलं. नंतर चष्मा काढून पुसत बसले. शेवटी म्हणाले की नियमाप्रमाणे हे मी आधीच पाहायला हवं होतं, पण त्या सरदारची छाती पाहिली आणि मांडी राहून गेली. मिश्र कोकरू पहिल्या पिढीत असं दांडगं निघतं, हे मी पोरांना शिकवतो.

मग त्यांनी विचारलं, "मी बिल्ला घालतच होतो. तुम्ही थांबवलं का?"

"तुम्ही घातला असता," शांताताई म्हणाल्या, "पण मांडी रोज माझ्या हाताखालून जाते."

राहिला कानाचा प्रश्न. कापलेला कान काही जुळत नाही. शांताताईंनीच सुचवलं की सरदारचा उजवा कान आत्ता तुमच्यासमोर कापते, आणि या लहान्याच्या डाव्या कानात तुम्ही बिल्ला घाला. उजव्या कानाची खाप चुकून पडली, असं दोघांच्या सहीनं लिहा. बळवंतराव म्हणाले की असा एकही मेंढा त्यांच्या रजिस्टरात नाही. शांताताई म्हणाल्या, म्हणजे भोपाळला हरवणार नाही.

ते हसले. लिहायला घेतलं. पितृपक्षातल्या मादीची खापही चुकीची म्हणून तिचीही ओळ, आणि तिलाही बिल्ला. लिहिता लिहिता त्यांनी अटही घातली. येत्या होळीच्या आत नाल्याकडच्या वाडग्याला काट्यांचं नाही, दगडांचं कुंपण हवं, ते पाहायला त्यांच्या जागी जो येईल तो येईल. आणि मोठा बिकानेरी मेंढा आजच परत न्यायचा, त्याची पाळी संपली. नवा फाल्गुनात. तोवर शुद्ध मेंढ्या रिकाम्याच राहणार, म्हणजे एक हंगाम गेला. शांताताईंनी मान हलवली. दगडांचं त्यांनी आधीच बोलून ठेवलं होतं.

कात्री संभाजीराव स्वतः आत जाऊन घेऊन आले. सरदारला गुडघ्यांत धरला. शांताताईंनी दाबली, तर कात्री नीट चालेना. कान चिमटला, सरदार ओरडला, दुसऱ्यांदा दाबल्यावर कशीबशी खाप पडली. गेंदाबाई धावत हळद घेऊन आली.

"हा आता रस्त्याकडच्या वाडग्याचा धनी," शांताताई सरदारच्या कानाला हळद लावत म्हणाल्या. "गावातल्या गावठी मेंढ्यांना याच्यासारखा मेंढा मिळणार नाही."

रजिस्टरात पाच मेंढ्यांपुढे त्यांचं नाव आलं. त्यांनी अंगठा उठवला, खाली मी सही केली. घरी आल्यावर जुनी ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली दुसरी लिहिली: "वरील तिथी स्थानिक गणनेची. आपली फाल्गुन वद्य द्वितीया." मग राहिलेली समई आणि निरांजनं घासून टाकली.

पण ते नंतरचं. जीप धुरळा उडवत गेली तेव्हा बळवंतरावांचा शिपाई मागे मोठ्या मेंढ्याला धरून बसला होता, आणि संभाजीराव त्याला मेंढ्याच्या मानेखाली हात कसा द्यायचा ते दोन पावलं जीपबरोबर चालत सांगत होते. शांताताईंनी हात धुतले, कात्री उन्हात धरून तिची धार पाहिली. दिवाळीनंतर लोकर कापायला घ्यायची होती.

"हिनं तर कानही कापवत नाही," त्या म्हणाल्या. कात्री फडक्यात गुंडाळली आणि माझ्याच टांग्यात चढल्या. दौलतगंजला तिला धार लावून आणायची होती.